मधलं घर

आधी सगळ्यांना एकच नाव द्यायचं.
एकच वाहिनी, सहा नंबरची.
पत्ता मात्र ज्याचा त्याचा, शेवटचा आकडा निराळा,
नाहीतर दोघं एकाच हाकेला ओ देतात
आणि कुणाचंच काम होत नाही.

हे मी आयटीआयच्या फळ्यावर तेरा वर्षं लिहिलं.
यंदा पहिल्यांदा छपरावर चढून केलं,
अहमदपूरच्या पुढं, बालाघाटाच्या एका घडीत,
जिथं टॉवरची रेंज डोंगराला पाठ टेकते
आणि तिथूनच माघारी फिरते.

पाच जुने राउटर, पाच डबे.
अय्याजनं आधी पत्र्याचे आणले होते;
लाट आतच कोंडली, दुपार वाया गेली.
मग करडीच्या तेलाचे प्लास्टिकचे, पालथे घातलेले.
तो बांबूला तार आवळत होता
आणि खालून जाणारा प्रत्येकजण थांबून :
"काय करलालाव मॅडम?"

काय सांगू?
मधे टॉवर नाही, कंपनी नाही, कुणी थोरला नाही.
दर दोन सेकंदांनी प्रत्येक डबा म्हणतो :
मी आहे. कोण आहे?
ज्याची ओ आली त्याचं नाव लिहून ठेवतो.
बराच वेळ आली नाही तर खोडतो.
पुन्हा आली की पुन्हा लिहितो,
मधल्या काळाचा हिशेब मागत नाही.

"माणसापरीस बरंय की,"
गेमलीबाई म्हणाली, तंबाखू मळत.

निरोपालाही श्वास मोजून दिलेले.
एका छपरावर एक खर्च.
शून्यावर आला की तिथंच संपला,
नाहीतर वाट चुकलेला निरोप
डोंगराच्या या अंगाला जन्मभर
घिरट्या घालत बसेल.

अडचण एवढीच होती :
तांड्यावरून शाळेकडं यायला वाट एकच,
गुंडेरावाच्या छपरावरून व्यंकटच्या छपरावर.
आणि हे दोघं चुलतभाऊ
बांधावरच्या एका लिंबापायी
अकरा वर्षं बोललेले नाहीत.
लिंब तर मागंच वाळून गेला.

मी दोघांना वेगवेगळं विचारलं.
दोघंही म्हणाले, लावा की, आमचं काय जातंय.

पहिला निरोप गेमलीबाईच्या नातीनं टाइप केला :
शेळी व्याली. दोन. एक काळं.
शाळेत आम्ही सगळे पडद्यावर वाकलो.
पाच छपरं, चार उड्या, एक सेकंदही नाही.
अय्याजनं बाकावर तबला वाजवला.

संध्याकाळी व्यंकटला कळलं
की ते काळं करडू आधी गुंडेरावाच्या घरावरून
मग त्याच्या घरावरून गेलंय.
"त्याच्या घरावरचं माझ्या घरावर न्हाई,"
आणि वायर उपसली.

वही सांगते : सात वाजून दहा मिनिटं, शेजारी हरवला.
वरचे दोन डबे अंधारात हाका मारत राहिले.
गुंडेरावाचा डबाही.
मी आहे. कोण आहे?
मी आहे. कोण आहे?
शाळेच्या वऱ्हांड्यात पडल्या पडल्या
मी मोजत होते, दर दोन सेकंदांनी,
नंतर मोजायचं सोडलं.

दुसरी वाट काढायला आणखी एक डबा हवा होता,
टेकडीच्या शेंड्यावर, खडकात भोक पाडून.
सकाळी अय्याज छिन्नी मागायला निघाला
तेव्हा मी वही उघडली.

दोन वाजून चाळीस : शेजारी सापडला.

कुणी लावली वायर, वही लिहीत नाही.
व्यंकट दारात दात घासत होता, आमच्याकडं पाठ.
त्याची बायको केराबाई
स्टूल आत नेत होती,
पदराला छपराची कवलं घासून लाल झालेला.
तिनं आमच्याकडं पाहिलं,
मग अय्याजच्या हातातल्या छिन्नीकडं.

"काळं जगलं का?" एवढंच विचारलं.

मला माहीत नव्हतं.
मी तसं टाइप केलं
आणि तिच्याच छपरावरून वर पाठवलं.